दोरावरची नणंद

गाडी चालवायला शिकवणाऱ्या बाईला खोटं बोलायची फारशी सवय नसते. समोरचा माणूस स्टिअरिंगला मगरमिठी मारून थरथरत असताना "छान जमतंय हं तुम्हाला" एवढं एकच खोटं तिला रोज बोलावं लागतं, आणि ते धंद्यात माफ असतं. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी ब्रेकबाईनं घरात जाहीर केलं, की शनिवार-रविवार ड्रायव्हिंग स्कूलचं प्रशिक्षण आहे, बाहेरगावी, मुक्कामाचं, तेव्हा तिच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. नशीब, नणंदेचं लक्ष तिच्या कानांकडे नव्हतं. नणंद तिच्याच स्वयंपाकघरात उभी राहून तिचेच डबे उंचीप्रमाणे लावत होती.

ब्रेकबाई हे नाव शिकायला येणाऱ्यांनी पाडलेलं. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक जादा ब्रेक असतो. तो वर्षानुवर्षं दाबून तिच्या उजव्या पायाला अशी खोड लागली होती, की बसमध्ये, लिफ्टमध्ये, इतकंच काय, टीव्हीवर एखादी गाडी जोरात वळली तरी पाय आपोआप जमिनीत रुतायचा.

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. बरोब्बर वरच्या मजल्यावर राहायची आणि एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. दाढ ठणकणाऱ्या माणसाला "बसा हं, डॉक्टर येतीलच" असं मधाळ आवाजात सांगून तासन्‌तास बसवून ठेवायचं कसब तिच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. ब्रेकबाईच्या घराची एक किल्ली तिच्याकडे असायची. दर रविवारी सकाळी सात वाजता ती किल्ली कुलपात फिरायची, मग चहाच्या भांड्याचा आवाज, मग "अजून झोपलीय का ही?" ब्रेकबाई डोक्यावरून पांघरूण ओढून घ्यायची आणि दात-ओठ खायची. एकदा ती चार दिवस माहेरी गेली, तर तेवढ्यात तिचा लाडका पिवळा सोफा भंगारवाल्याकडे रवाना झाला. "वाळवी लागली होती," नणंद म्हणाली. वाळवी सोफ्यात कुणालाच कधी दिसली नव्हती. सोफ्याच्या जागी नवऱ्याची पाय पसरून आडवं होता येणारी चामड्याची खुर्ची आली, आणि विषय संपला.

तर, प्रशिक्षण वगैरे काही नव्हतं. पेट्रोल पंपाच्या काचेवर तिनं एक पत्रक पाहिलं होतं. फक्त बायकांसाठी दोन दिवसांचा डोंगरमेळा. दोर बांधून कडा चढायचा, नकाशा वाचायचा, ओढा ओलांडायचा, तंबूत राहायचं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'पुरुषांनी कृपया घरीच थांबावं.' ते वाचून ब्रेकबाईला बरं वाटलंच, पण खरी गंमत वेगळी होती. तिची नणंद स्टुलावर उभी राहिली तरी तिला भोवळ यायची. म्हणजे सगळ्या पृथ्वीच्या पाठीवर नणंद हमखास नसेल अशी एकच जागा उरली होती, ती म्हणजे डोंगराचा कडा.

खरं काय ते तिनं फक्त नवऱ्याला सांगितलं. तो एवढा खूश झाला की तिला जरा नवलच वाटलं. "जा, बिनधास्त जा," तो म्हणाला. "ताईला मी सांभाळतो."

शनिवारी भल्या सकाळी ती क्रीडासाहित्याच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या छोट्या बसमध्ये चढली आणि पहिल्या पायरीवरच तिचा उजवा पाय गच्च दाबला गेला. पुढच्याच सीटवर लाल जाकीट घालून नणंद बसली होती. जाकिटाचं लेबल अजून काखेत लोंबत होतं.

"अय्या, तू?" नणंद म्हणाली. "तुझं तर प्रशिक्षण होतं ना?"

"तुम्ही इथं कशा, ताई?"

"मला डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय."

"दातांच्या?"

नणंद खिडकीबाहेर बघायला लागली. ब्रेकबाईनं मागच्या सीटवर जाऊन नवऱ्याला फोन लावला. "शप्पथ सांगतो," तो झोपाळू आवाजात म्हणाला, "मी चकार शब्द काढला नाही. दवाखान्यात पत्रक लागलं असेल." हे खरं वाटण्यासारखं होतं, म्हणून तिला खरं वाटलं.

मेळा एका उभ्या कड्याच्या पायथ्याशी होता. गवताळ सपाटी, रंगीबेरंगी तंबू, पत्र्याच्या छपराखाली सूपचं भलंमोठं पातेलं, आणि वीस-बावीस बायका. सगळ्यांची प्रमुख होती एक सडपातळ, उन्हानं रापलेली बाई. तिच्या गळ्यात कायम शिट्टी असायची, म्हणून पहिल्या तासाभरातच तिचं नाव शिट्टी पडलं.

"दोराच्या एका टोकाला चढणारी, दुसऱ्या टोकाला खाली उभी राहून दोर धरणारी," शिट्टीनं समजावलं. "दोघींचं वजन साधारण सारखं हवं. खालची फार हलकी असेल, तर वरचीचा पाय सुटला की खालची उडते. तेव्हा प्रत्येकीनं आपलं वजन सांगा."

बायकांनी वजनं सांगितली. ती ऐकून शिट्टीनं एकेकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बायांनो," ती म्हणाली, "तुम्ही सगळ्या मिळून जेवढ्या भरताय, तेवढ्या वजनाच्या तर नुसत्या तुमच्या पिशव्या होत्या."

मग तिनं स्वयंपाकाच्या छपराखालून पोती तोलायचा काटा आणला, झाडाच्या फांदीला टांगला, आणि एकेकीला कमरेचा पट्टा बांधून त्याला लटकवायला सुरुवात केली. असा हशा त्या झाडानं कधी ऐकला नसेल. एका बेकरीच्या मालकिणीनं आधी बूट काढले, मग घड्याळ काढलं, मग कानातलं काढायला लागली, तेव्हा तिच्या बेकरीत काम करणारी मुलगी म्हणाली, "बाई, आता दातच राहिले."

ब्रेकबाई लटकली. मग नणंद लटकली. काटा दोघींना तसूभरही कमी-जास्त दाखवीना.

"काटा बिघडलाय," नणंद तिथल्या तिथे म्हणाली. गेली कित्येक वर्षं ती ब्रेकबाईला "जरा आवर घाल गं स्वतःला" असं सांगत आली होती.

"काटा ठीक आहे," शिट्टी म्हणाली. "तुम्ही दोघी एक जोडी."

ब्रेकबाईनं आभाळाकडे पाहिलं. दोन दिवस सुटका म्हणून आली, आणि इथं तर साक्षात कमरेला नणंद बांधली गेली.

पण दोर धरायचा धडा सुरू झाला आणि तिची कळी हळूहळू खुलली. कमरेच्या पट्ट्याला एक छोटं यंत्र, त्यातून जाणारा दोर, डावा हात वरच्या दोरावर, उजवा खालच्या. "हा उजवा म्हणजे ब्रेकचा हात," शिट्टी म्हणाली. "दोर खाली खेचून धरला की वरची जागच्या जागी थांबते. जग बुडालं तरी हा हात सोडायचा नाही." ब्रेकबाईला हे शिकवावंच लागलं नाही. शिट्टी तिच्याकडे बघून नुसती मान डोलावून पुढे गेली.

"मी मोठी, मी आधी चढणार," नणंद म्हणाली. स्टुलावर भोवळ येणारी बाई ती हीच का, असा प्रश्न ब्रेकबाईला पडला. नणंदेनं खाली बघायचंच नाही असा निश्चय केला होता, आणि तिचा निश्चय म्हणजे काय चीज असते हे ब्रेकबाईइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. कड्याला नाक लावून, एकेका खाचेला नावं ठेवत ती वर सरकत राहिली. "इथं किती धूळ आहे! कुणी हात फिरवतं की नाही?" वरच्या टोकाला बांधलेल्या लाल फितीला तिनं हात लावला, तेव्हा खालच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. ब्रेकबाईनं वाजवल्या नाहीत. तिचे हात गुंतलेले होते.

"उतरव आता!" वरून आवाज आला.

ब्रेकबाई हळूहळू दोर सोडू लागली. नणंद पाय कड्याला टेकवत, डोळे घट्ट मिटून खाली येत होती. निम्मी आली असेल. लाल जाकीट, कमरेत घट्ट पट्टा, खाली लोंबणारे पाय. आणि तेवढ्यात ब्रेकबाईच्या मनात असा एक विचार आला, की तिचा उजवा हात आपोआप खाली खेचला गेला. उजवा पायसुद्धा जमिनीत रुतला.

नणंद हवेत थांबली.

"काय झालं?"

"काही नाही, ताई," ब्रेकबाई म्हणाली. "जरा बोलायचं होतं."

"आत्ता?"

"आत्ता तुम्हाला वेळ आहे."

शिट्टी कड्याच्या पलीकडच्या अंगाला कुणाची तरी गाठ सोडवत होती. बाकीच्या बायकांनी मात्र कान टवकारले.

"रविवारी सात वाजता आमच्या घरात यायचं बंद करणार का?" ब्रेकबाईनं विचारलं.

"अगं, हे काय विचारायचं ठिकाण आहे?"

"बरं. मग थांबा."

वाऱ्याची एक झुळूक आली. नणंद एक गिरकी घेऊन पुन्हा कड्याकडे तोंड करून आली.

"बंद करते!"

"किल्ली?"

"देते!"

"माझ्या डब्यांना हात?"

"नाही लावणार! तुझे डबे तुला लखलाभ!"

"आणि माझा पिवळा सोफा. वाळवी होती त्यात?"

नणंद कड्यावरची धूळ झटकायला लागली. ब्रेकबाईनं दोर दोन बोटं ढिला करून पुन्हा घट्ट केला. नणंद किंचाळली.

"नव्हती! नव्हती वाळवी! झालं समाधान? उतरव मला!"

खाली एकच जल्लोष झाला. आणि मग व्हायचं तेच झालं. शेजारच्या दोरावर बेकरीची मालकीण उतरत होती. ती अर्ध्यात थांबली. "काय गं?" तिनं खाली बघून विचारलं. "रविवारची सुट्टी, बाई," खालून तिच्या बेकरीतली मुलगी नम्रपणे म्हणाली. त्याच्या पलीकडे एक आई लटकत होती आणि तिची कॉलेजातली लेक खालून तिला सांगत होती, की खोलीत यायच्या आधी दार वाजवायचं, आणि वाजवल्यावर थांबायचंसुद्धा. बघता बघता सबंध कडा वाळत घातलेल्या कपड्यांसारखा बायकांनी भरून गेला. वरच्या कबूल करत होत्या, खालच्या नवनव्या अटी आठवत होत्या.

शिट्टी धावत आली. तिनं कानठळ्या बसतील अशी शिट्टी फुंकली.

"हे काय कोर्ट भरलंय का? उतरवा सगळ्यांना!"

सगळ्या उतरल्या. नणंदेनं जमिनीवर पाय टेकल्यावर केस नीट केले, जाकीट खाली ओढलं, आणि ब्रेकबाईकडे बघून गोड हसली. ते हसू बघून दवाखान्यातल्या कित्येकांची दाढ आपोआप दुखायची थांबली असेल. ब्रेकबाईला त्याचा अर्थ लागेना. तो लगेच लागला.

"बदली!" शिट्टी ओरडली. "आता खालच्या वर!"

खालच्या सगळ्या बायकांचे चेहरे खर्रकन उतरले. बेकरीतली मुलगी म्हणाली, तिचं पोट दुखतंय. लेक म्हणाली, तिला उंचीची भीती आहे, लहानपणापासून. ब्रेकबाई म्हणाली, दोर धरणं हेच आपलं खरं क्षेत्र आहे, चढण्यात विशेष रस नाही.

"प्रत्येकीनं दोन्ही करायचं," शिट्टी म्हणाली, आणि या वेळी ती तिथून हलली नाही. हाताची घडी घालून दगडावर बसली. तिच्या ओठाचा एक कोपरा हलत होता.

नणंदेनं ब्रेकबाईची गाठ तपासली. "नीट बघून घे हं तूच," ती कुजबुजली. "मला काय, फक्त दातांतलं कळतं."

ब्रेकबाई चढली. कशी चढली, ते तिला नंतर सांगता आलं नाही. एका हातानं खाच धरायची आणि दर दोन फुटांवर खाली बघायचं, की नणंदेचा हात जागेवर आहे ना. होता. फितीला हात लावून तिनं डोळे मिटले आणि म्हटलं, "उतरवा, ताई." दोर सुटू लागला. अगदी सावकाश, अलगद, निम्म्यापर्यंत. तिथे तो थांबला.

"बसा हं," खालून तो मधाळ आवाज आला. "येतीलच."

बायका खो खो हसल्या. ब्रेकबाई हवेत लटकत होती, आणि तिचा उजवा पाय दाबायला खाली काहीच नव्हतं.

"घ्या सूड उगवून," ती म्हणाली.

"सूड कसला? अगं, घरी मी तोंड उघडलं की तू उठून जातेस. गॅस बंद करायचा असतो, नाहीतर फोन येतो, नाहीतर शिकवणीची वेळ होते. एवढ्या वर्षांत माझं एक वाक्य तू पुरं ऐकलेलं नाहीस. आता जा बघू उठून!"

ब्रेकबाईनं हवेतल्या हवेत पाय हलवून बघितले.

"सोफ्यात वाळवी नव्हती, हे मी कबूल केलं," नणंद पुढे म्हणाली. "पण वाळवी आहे असं सांग, हे मला कुणी शिकवलं, ते तू विचारलंस का?"

"कुणी?"

"तुझ्या नवऱ्यानं! मला म्हणाला, ताई, तिला तो सोफा नकोसा झालाय, पण स्वतः निवडलेला, म्हणून टाकवत नाही. तू वाळवीचं निमित्त कर, ती मनातून तुझे आभार मानेल."

ब्रेकबाईनं वरून खाली बघितलं. आता तिला उंचीचं भानच राहिलं नव्हतं.

"आणि रविवारी सात वाजता?" तिनं विचारलं.

"ती आठवडाभर दमते, म्हणाला. तू येऊन चहा केलास की तिला फार बरं वाटतं, पण तोंडानं बोलायची नाही. माझे हे दहापर्यंत घोरतात, मला काय, मी येते."

"मला चहा? मला कुणी चहा दिलाय?"

"अगं, मी दोन कप ठेवून जाते ना पलंगाशी!"

"मी उठते तेव्हा दोन रिकामे कप असतात," ब्रेकबाई सावकाश म्हणाली.

खाली बायकांमध्ये कुणीतरी "अगं बाई!" म्हटलं.

"आणि मी जेव्हा जेव्हा म्हटलं, की ताईंना जरा सांग," ब्रेकबाई वरून ओरडली, "तेव्हा मला म्हणायचा, तिला बोललं की तिचं ब्लडप्रेशर वाढतं!"

"माझं? माझं ब्लडप्रेशर शाळकरी पोरीसारखं आहे!"

"तुम्हाला इथं यायला कुणी सांगितलं?"

"तोच आला गुरुवारी वर. डोळ्यांत पाणी. म्हणाला, ती कड्यावर चाललीय, एकटी, माझ्या जिवाला घोर लागलाय, तू सोबत जा. पण मी सांगितलं म्हणू नकोस. एवढ्यासाठी मी इथं जीव मुठीत धरून आले! खाली बघितलं असतं तर वरच मेले असते."

बेकरीची मालकीण पाठीमागे हात बांधून पुढे आली. हिशेब तिच्या डोक्यात आधी जुळला.

"म्हणजे दोन्ही घरांत दोन दिवस बायका नाहीत," ती म्हणाली. "आज काय आहे?"

"फुटबॉलची फायनल," लेक म्हणाली.

ब्रेकबाई आणि नणंद यांनी एकमेकींकडे बघितलं. एक वरून, एक खालून. दोर हळूच सुटू लागला, आणि ब्रेकबाईचे पाय पिसासारखे जमिनीला टेकले. मिठ्याबिठ्या काही मारल्या नाहीत त्यांनी. नणंद एवढंच म्हणाली, "वजनाचं मात्र मी मानत नाही. काटा बिघडलेलाच होता."

संध्याकाळी दोघी ओढ्यावर सूपची भांडी घासत बसल्या. ब्रेकबाईच्या डोळ्यांसमोर आपली बैठकीची खोली येत होती, आणि तिथं बूट घालून बसलेले नवऱ्याचे मित्र.

"मी आत्ता निघते," ती म्हणाली. "रंगेहाथ पकडते त्याला."

"बस खाली," नणंद म्हणाली. "पकडलंस तर माफी मागेल. माफी मागण्यात तो लहानपणापासून पटाईत आहे. मग आपण गोड होणार, आणि आठवडाभरात त्याला नवा मार्ग सापडणार." तिनं पातेल्यावर जोरात हात फिरवला. "आपलं मिटलंय, हे त्याला कळताच कामा नये. आपण भांडत राहायचं. आत्तापर्यंत भांडलो नाही इतकं."

ब्रेकबाई तिच्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षं हे डोकं आपल्या डब्यांच्या उंचीवर वाया गेलं, याचं तिला वाईट वाटलं.

त्यांनी लगेच सुरुवात केली. ब्रेकबाईनं फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "तुझ्या बहिणीनं माझा जीव नकोसा केलाय!" ती ओरडली. "मला अर्ध्या कड्यावर लटकवून ठेवलं!" मागून नणंद गरजली, "खोटारडी! आधी तिनं मला लटकवलं!" यात एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून आवाज चांगला लागला.

"अगं, शांत हो, शांत हो," नवरा म्हणाला. त्याच्यामागे गर्दीचा गलका, काहीतरी फुटल्याचा आवाज, आणि "अरे मधून सरक ना" असं कुणीतरी म्हटल्याचं ऐकू आलं. "टीव्ही मोठा आहे जरा. तू मनावर घेऊ नकोस. ताईचा स्वभाव तुला माहीत आहे. मी बोलतो तिच्याशी."

मिनिटभरात नणंदेचा फोन वाजला. तिनंही स्पीकर चालू केला.

"ताई, जाऊ दे गं," तोच आवाज, तोच जिव्हाळा. "तिचा स्वभाव तुला माहीत आहे."

ब्रेकबाईनं ओढ्याकाठचं ओलं फडकं तोंडात कोंबलं. नणंद डोळ्यांतून पाणी येईपर्यंत गंभीर राहिली आणि म्हणाली, "तुझ्या तोंडाकडे बघून गप्प बसते हो मी."

रविवार कधी संपला ते कळलंच नाही. नकाशावरून वाट शोधताना नणंदेनं सगळ्यांना आत्मविश्वासानं एका गोठ्यात नेलं, आणि ओढा ओलांडताना ब्रेकबाई कमरेपर्यंत पाण्यात बसली. निघताना शिट्टीनं दोघींच्या पाठीवर थाप मारली. म्हणाली, हिवाळ्यात बर्फातला मेळा असतो, या. तिथं लटकायला आणखी वाव आहे.

घरी पोचल्या त्या भांडतच, जिन्यात आवाज घुमवत. घरात सुगंधी फवाऱ्याचा वास असा कोंदला होता की डोळे चुरचुरत होते. नवरा दोघींच्या मध्ये हात पसरून उभा राहिला.

"यापुढे या घरात मी पाऊल ठेवायची नाही!" नणंदेनं किल्ली टेबलावर आपटली.

"मी ठेवूही देणार नाही!" ब्रेकबाईनं ती उचलली.

"ताई, अगं, रविवारचा चहा..." नवरा चाचरत म्हणाला.

"ज्याचा त्यानं करावा!"

"आणि ती खुर्ची!" ब्रेकबाई म्हणाली. "माझा सोफा घालवून तुमच्यामुळे आली ती. माझ्या डोळ्यांसमोर नको!"

"हो का? मग मला हवीय ती. मुद्दाम माझ्या बैठकीत ठेवते, तुझ्या नाकावर टिच्चून!"

नवरा एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. दोघींना एकाच वेळी खूश करायची संधी त्याच्या आयुष्यात कधी आली नव्हती, आणि ती नेमकी या वाटेनं यावी! खुर्ची जड होती. त्यानं आणि नणंदेच्या नवऱ्यानं ती जिन्यातून वर नेली. वळणावर बोटं चेमटली, दोनदा खाली ठेवून दम खाल्ला. वर दारात नणंद आणि खाली दारात ब्रेकबाई उभ्या राहून एकमेकींना टाकून बोलत होत्या.

तेव्हापासून त्या दोघी बोलत नाहीत, असं घरात समजतात. निरोप नवराच नेतो. एकीनं कुरकुर केली, की तो खिडक्या पुसून देतो. दुसरीनं डोळे वटारले, की बाजारात जाऊन येतो. महिनाभरात त्याच्या पोटऱ्यांना चांगला आकार आला. आणि शिकवणी लवकर संपली, की ब्रेकबाई चपला हातात घेऊन दबक्या पावलांनी वर जाते, त्या चामड्याच्या खुर्चीत पाय पसरून आडवी होते, आणि नणंद तिला चहा देते. आता तो तिच्यापर्यंत पोचतो.

अशाच एका दुपारी दोघी बर्फात घालायचे बूट बघत बसल्या होत्या, आणि दारावरची बेल वाजली.

"ताई, मी आहे!" बाहेरून नवऱ्याचा आवाज आला.

ब्रेकबाई कप घेऊन न्हाणीघरात पळाली. दार लोटून घेतलं आणि फटीला कान लावला.

"ताई, एक काम होतं," तो आत येऊन दबक्या आवाजात म्हणाला. "हिला मी पुन्हा डोंगरावर पाठवतोय. हिवाळ्यात, बर्फात. जरा डोकं थंड होईल तिचं. पण एकटीला पाठवायला जीव धजत नाही गं. तू जाशील का सोबत? मी सांगितलं म्हणू नकोस फक्त."

"तिच्याबरोबर?" नणंद कडाडली. "मी? मेले तरी जायची नाही!"

"ताई, माझ्यासाठी."

"मला गरम बूट लागतील."

"आणतो."

"मी नसताना यांचा डबा?"

"मी करतो ना, ताई. दोघांचा."

"आणि पंख्यांवर धूळ बसलीय. माझा हात पोचत नाही."

"उद्याच पुसतो."

न्हाणीघरात ब्रेकबाईनं टॉवेलचं टोक दातांत धरलं. बाहेर खुर्ची कुरकुरली. तो बसला होता.

"ही खुर्ची गरम कशी?" त्यानं विचारलं.

"मीच बसले होते," नणंद म्हणाली. मग तिचा आवाज मधाळ झाला. "बस हं जरा. विचार करून सांगते."

आणि ती दुसरा चहा टाकायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.